दुखणे गेले; पण हाडांचे काय?

स्मरणिकेत मंगल तेवढेच यावे, दुखण्याखुपण्याचा विषय महोत्सवाच्या पानांत कशाला, असे आमच्यातील एका ज्येष्ठ सभासदांनी सुचविले होते. त्यांच्या शब्दाचा मान राखूनही आम्ही हा लेख देत आहोत. संस्थेच्या वैद्यकीय साहाय्य निधीचे काम आमच्या हाती आल्यापासून स्तनाच्या कर्करोगाचे अर्ज आम्ही पुन्हापुन्हा पाहिले आहेत. पूर्वी ज्या रोगाचे नाव घरात दबक्या आवाजात घेतले जाई, त्यातून आज अनेक भगिनी बऱ्या होऊन हळदीकुंकवाला आपल्या शेजारी येऊन बसतात, ही केवढी समाधानाची गोष्ट! परंतु बऱ्या झालेल्या या भगिनींच्या बाबतीत एक गोष्ट आमच्याकडून, त्यांच्या घरच्यांकडून, आणि कधीकधी डॉक्टरांकडूनही राहून जाते. ती म्हणजे त्यांची हाडे.

आमच्या इंदूरच्याच एका काकूंची हकीकत सांगतो. लिहिण्यास त्यांची संमती आहे. "नाव नको, पण बादलीचे जरूर लिहा," असे त्यांनीच आम्हांस सांगितले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना हा रोग असल्याचे निष्पन्न झाले. मुंबईस नेऊन शस्त्रक्रिया झाली, मग औषधांच्या सलाइनी, मग किरणोपचार. आठ-नऊ महिने घरातील सर्वांची धावपळ झाली. शेवटी डॉक्टरांनी सांगितले, की आता मोठे उपचार संपले. रोज एक गोळी तेवढी पाच वर्षे घ्यावयाची. घरी सत्यनारायण झाला, आम्ही सर्व प्रसादाला गेलो, आणि आमच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे 'प्रकरण पूर्ण' असा शेरा आम्हीच मारला.

तिसऱ्या वर्षी संक्रांतीच्या आधी, न्हाणीघरातली भरलेली बादली बाहेर आणताना काकूंच्या पाठीत काहीतरी 'कट्' झाले. उसण भरली असेल म्हणून तेल चोळले, शेकले, एका ओळखीच्या मालीशवाल्या बाईंनाही बोलावून झाले. तीन आठवडे गेले तरी कूस बदलता येईना, तेव्हा घरात सर्वांच्या मनात एकच शंका आली. ती कोणी बोलून दाखविली नाही. छायाचित्रे काढली. सुदैवाने रोग परतला नव्हता. पाठीच्या कण्याचा एक मणका दबून बसका झाला होता. हाडे विरळ झाली होती, आणि अर्ध्या बादलीच्या वजनाने जे व्हायचे नाही, ते भरल्या बादलीने झाले होते.

मग काकूंच्या सुनेने जुनी फाइल उघडली. मुंबईहून निघताना दिलेल्या कागदावर, खालून चौथ्या ओळीत, गोळी सुरू करण्यापूर्वी हाडांच्या घनतेची तपासणी करावी आणि पुढे ती पुन्हा करावी, अशी सूचना बारीक इंग्रजी टंकात होती. ती घरात कोणी वाचली नव्हती. ज्या स्थानिक डॉक्टरांकडे गोळीची चिठ्ठी दर तीन महिन्यांनी नवी करून घेत, त्यांच्याही नजरेतून ती सुटली होती. आणि हे लिहावयास संकोच वाटतो, पण तीच फाइल साहाय्यासाठी दोन वेळा आमच्यापुढे आली होती. आम्ही तिच्यातील बिलांची बेरीज तपासली. ती ओळ आम्हीही वाचली नाही.

गोळीचा आणि हाडांचा संबंध काय, असा प्रश्न पुष्कळांना पडेल. तो समजण्यासाठी हाडाविषयीची एक चुकीची समजूत आधी सोडली पाहिजे. हाड म्हणजे तुळईसारखे वाळलेले लाकूड नव्हे. ते जिवंत आहे, आणि त्याची डागडुजी जन्मभर चालू असते. जुना वाडा जसा राहता ठेवून दुरुस्त करतात, तसे हे काम आहे: काही पेशी जुना, तडे गेलेला भाग फोडून काढतात आणि त्यांच्या मागोमाग दुसऱ्या पेशी येऊन नवी भर घालतात. फोडणारे आणि बांधणारे यांचा मेळ राहिला म्हणजे वाडा शाबूत. स्त्रीच्या शरीरात फोडणाऱ्यांवर वचक ठेवणारा मुकादम म्हणजे ईस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक. पाळी गेली, की बीजकोशांतून येणारे ईस्ट्रोजेन आटते, मुकादमाची नजर निघते, आणि फोडणे बांधण्याच्या पुढे जाऊ लागते. अमेरिकेतील डॉक्टर फुलर ऑलब्राइट यांनी १९४० च्या सुमारास हा संबंध स्पष्ट करून दाखविला.

आता दैवाचा खेळ पाहा. जे संप्रेरक हाडांचे रक्षण करते, तेच स्तनाच्या पुष्कळशा कर्करोगांचे खाद्य असते. स्कॉटलंडमधील शल्यवैद्य जॉर्ज बीटसन यांनी रोग पसरलेल्या स्त्रियांचे बीजकोश काढले असता गाठी ओसरतात, हे १८९६ सालीच प्रसिद्ध केले होते. त्या वेळी ईस्ट्रोजेन हे नावही कोणाला ठाऊक नव्हते. आजचे उपचार त्याच वाटेने पुढे आले आहेत. गाठीच्या तपासणीच्या कागदावर 'ईआर पॉझिटिव्ह' असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ ही गाठ ईस्ट्रोजेनवर वाढणारी आहे, असा. अशा भगिनींना शस्त्रक्रियेनंतर पाच, कधी सात ते दहा वर्षे संप्रेरकविरोधी गोळी देतात.

या गोळ्या दोन तऱ्हेच्या आहेत आणि त्यांतील भेद प्रत्येक घराने लक्षात ठेवण्यासारखा आहे. पहिली टॅमॉक्सिफेन. हिचे रसायन इंग्लंडमध्ये १९६२ साली डोरा रिचर्डसन या बाईंनी तयार केले. ते हवे होते संततिनियमनासाठी! त्या कामी ते निरुपयोगी ठरले, आणि स्तनाच्या कर्करोगात मात्र लाखो स्त्रियांच्या कामी आले. ही गोळी स्तनात ईस्ट्रोजेनची वाट अडविते, पण पाळी गेलेल्या स्त्रीच्या हाडांत मात्र थोडेफार ईस्ट्रोजेनसारखेच काम करते. म्हणून त्या वयात ती हाडांना तारक असते. पाळी चालू असलेल्या तरुण स्त्रीत तसे नाही. तेथे ती हाडे किंचित उणावते.

दुसऱ्या तऱ्हेच्या गोळ्या म्हणजे लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन. पाळी गेल्यानंतरही शरीरातील चरबी वगैरे ठिकाणी एका विकराच्या साहाय्याने थोडे ईस्ट्रोजेन तयार होतच असते. या गोळ्या तो विकरच बंद पाडतात, आणि उरलासुरला मुकादमही घरी जातो. पाळी गेलेल्या स्त्रीच्या हाडांची घनता एरवी वर्षाला शेकडा एक ते दोन या मानाने घटते. या गोळ्यांवर ती साधारण शेकडा दोन ते तीनपर्यंत जाते. काकूंची गोळी हीच होती.

सर्वांत अधिक काळजी वाटते ती तरुण भगिनींची. आपल्या देशात हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने साधारण दहा वर्षे आधी गाठतो. चाळिशीतल्या, कधी पस्तिशीतल्या मुली त्यात असतात. कर्करोगाच्या सलाइनींनी पाळी अकाली बंद होते, किंवा बीजकोशांचे काम थांबविण्यासाठी मुद्दाम महिन्याला अगर तीन महिन्यांना इंजेक्शन देतात. नैसर्गिकपणे जे चार-पाच वर्षांत हळूहळू व्हावयाचे, ते एकदम होते. त्यात वरील दुसऱ्या तऱ्हेची गोळी सुरू झाली, तर पहिल्या वर्षातच हाडांची घनता शेकडा सातपर्यंत उतरल्याचे आढळले आहे. बाहेरून काहीही दिसत नाही. मुलगी नोकरीवर जाते, डबे करते, केसही परत आलेले असतात. हाडांचे विरळ होणे दुखत नाही. दुखते ते मोडल्यावर.

येथपर्यंत वाचून एखादी भगिनी गोळी बंद करील, ही भीती आम्हांस आहे; म्हणून स्पष्ट लिहितो. गोळी बंद करू नये. ती रोग परत येऊ नये म्हणून आहे, आणि तिचे हे काम हाडांच्या हानीपेक्षा फार मोठे आहे. या गोळ्यांनी सांधे आखडतात, सकाळी बोटे मिटत नाहीत, आणि त्या त्रासाला कंटाळून कोणाला न सांगता गोळी सोडणाऱ्या भगिनी आम्हांला माहीत आहेत. घरच्यांना वाटते चालू आहे, डॉक्टरांना वाटते चालू आहे, आणि डबी कपाटात जशीच्या तशी! त्रास होत असेल तर तो डॉक्टरांपुढे मोकळेपणी सांगावा. याच वर्गातली दुसरी गोळी बदलून देता येते, आणि रोजच्या व्यायामाने सांध्यांचा ताठरपणा कमी होतो, असे पुष्कळांच्या अनुभवास आले आहे.

मग करावयाचे काय? प्रथम तपासणी. डेक्सा नावाच्या यंत्रावर दहा-पंधरा मिनिटे उताणे पडून राहावयाचे. कमरेचे मणके आणि खुब्याचे हाड यांची घनता मोजली जाते. सुई नाही, वेदना नाही, आणि किरणांची मात्रा छातीच्या साध्या छायाचित्राहूनही कमी. दुसऱ्या तऱ्हेची गोळी सुरू होताना एकदा, आणि नंतर एक-दोन वर्षांनी, शक्य तर त्याच यंत्रावर ती करावी. यंत्र बदलले तर आकड्यांची तुलना नीट होत नाही. तरुण निरोगी स्त्रीच्या हाडांशी तुलना करून जो आकडा येतो त्याला टी-स्कोर म्हणतात. तो उणे १ पर्यंत ठीक. उणे १ ते उणे २.५ यांमध्ये हाडे विरळ होऊ लागली, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे अस्थिसुषिरता. ही विभागणी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९४ साली ठरविली. परंतु या गोळ्या घेणाऱ्या भगिनींनी उणे २.५ ची वाट पाहू नये. २०१७ साली अनेक आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंस्थांनी मिळून असे सांगितले, की आकडा उणे २ च्या खाली गेला, की हाडांचे औषध सुरू करावे. आणि वय पासष्टाच्या वर, आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडलेला, पूर्वी स्वतःचे हाड थोडक्यात मोडलेले, दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेले, अशांपैकी दोन कारणे असतील, तर आकड्याकडे न पाहताही करावे.

येथे एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी आपल्याच सभागृहात 'मोफत हाडतपासणी' शिबिर झाले होते. टाच एका लहान यंत्रात ठेवून आकडा काढून देत, आणि जाताना कॅल्शियमच्या गोळ्यांची पाकिटे वाटत. रांग जिन्यापर्यंत गेली होती, आणि आम्ही मोठ्या अभिमानाने छायाचित्रे काढून घेतली. टाचेच्या त्या यंत्रावर फार तर एक अंदाज मिळतो. त्यावरून औषध ठरविता येत नाही की गोळीचा परिणाम वर्षावर्षाला मोजता येत नाही. काकूही त्या रांगेत होत्या, आणि 'ठीक' असा कागद घेऊन घरी गेल्या होत्या.

औषधांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण गैरसमज येथेच अधिक आहेत. मुख्य औषधे बिस्फॉस्फोनेट या वर्गातली. नळाच्या आणि बॉयलरच्या आत पाण्याचा चुना बसू नये म्हणून कारखान्यांत फॉस्फेटची काही रसायने वापरतात. त्याच जातीचे एक द्रव्य शरीरातही असते आणि ते चुन्याचे थर बसू देत नाही, असे स्वित्झर्लंडमधील हर्बर्ट फ्लाइश यांना १९६० नंतरच्या दशकात दिसले. त्यासारखी पण शरीरात न मोडणारी रसायने शोधताना ध्यानात आले, की ती हाडाला चिकटून बसतात आणि फोडणाऱ्या पेशींचे हात बांधतात. त्या शोधातून पुढे आलेले झोलेड्रॉनिक आम्ल आज अशा भगिनींना सहा महिन्यांतून एकदा शिरेतून देतात. अर्ध्या तासाच्या आत काम होते. पहिल्या खेपेस एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येते. ती माहीत नसली तर घरात घबराट होते. माहीत असली तर तापाची साधी गोळी आणि विश्रांती पुरते. देण्यापूर्वी मूत्रपिंडाची, कॅल्शियमची आणि ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी आवश्यक.

या औषधाचा आणखी एक गुण आहे. २०१५ साली २६ चाचण्यांतील १८,७६६ स्त्रियांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध झाली. तिच्यात असे दिसले, की पाळी गेलेल्या स्त्रियांना सुरुवातीच्या अवस्थेतच बिस्फॉस्फोनेट दिले, तर हाडांत रोग परतण्याचे प्रमाण घटते आणि दहा वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू शंभरात अठरांवरून पंधरांच्या आत येतात. म्हणजे हाड राखावयास घेतलेले औषध काहींचा जीवही राखते. पाळी चालू असलेल्या स्त्रियांत मात्र हा दुसरा लाभ दिसला नाही. तेव्हा 'मला हे औषध लागू आहे काय?' हा प्रश्न प्रत्येक भगिनीने आपल्या कर्करोगतज्ज्ञांना एकदा तरी विचारावा.

त्याआधी दात दाखवावेत. ही सूचना ऐकून लोक हसतात. पण हे औषध चालू असताना दात उपटला, तर क्वचित जबड्याचे हाड उघडे पडून भरून येत नाही. काढावयाचे दात आधी काढून, जखम भरून येऊ द्यावी आणि मग औषध सुरू करावे. आणि नंतर कोणत्याही दंतवैद्याकडे गेल्यास हे औषध चालू असल्याचे सांगावे.

दुसरे औषध डेनोसुमॅब. हे दर सहा महिन्यांनी त्वचेखाली टोचतात. २०१५ साली ऑस्ट्रियातील तज्ज्ञांनी ३,४२५ स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध केली. या इंजेक्शनाने हाडे मोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. औषध चांगले आहे, पण त्याचा एक स्वभाव ओळखून असावे: मध्येच सोडले तर हाडे झपाट्याने उणावतात आणि एकाच वेळी दोन-तीन मणके दबल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा सहा महिन्यांची तारीख लग्नकार्यासाठी किंवा प्रवासासाठी पुढे ढकलू नये, आणि थांबवावयाचे तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, पाठोपाठ दुसरे औषध घेऊनच थांबवावे.

स्वयंपाकघराचा भाग आमच्या वाचक भगिनी आमच्यापेक्षा अधिक जाणतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीस दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेलीस १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पाहिजे. एका मोठ्या पेल्याभर दुधातून अगर तेवढ्याच दह्यातून सुमारे २४० मिळते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे दोन भाकऱ्या किंवा एक वाटी आंबील आणि वर ताक, असे घेतले तर बराच पल्ला गाठला. शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, आणि मासे खाणाऱ्यांच्या घरी काट्यांसकट चावून खाण्याची बारीक मासळी, हीही चांगली. पालकाचा मोठा डंका आहे, पण त्यातील ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अंगी फारसे लागत नाही. तिळाचे लाडू संक्रांतीपुरते ठेवण्याचे कारण नाही. मात्र पॉलिश केलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात सालाबरोबर कॅल्शियमही गेलेले असते. आमच्या इंदुरी पोहे-जिलबीत या दृष्टीने काहीच नाही, हे दुःखाने नमूद करतो.

आहारातून जेवढे कमी पडते तेवढेच गोळीतून घ्यावे. साधी कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यावी, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंतच, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर. लोहाच्या गोळीशीही तिचे जमत नाही. पुष्कळ घरांत सकाळी साऱ्या गोळ्या एका तळहातावर घेऊन एकदम गिळतात. ती पद्धत सोडावी.

ड जीवनसत्त्वाची उणीव आपल्याकडे ऊन मुबलक असूनही सर्रास आढळते. बाई घरात, आणि बाहेर निघाली तर पदराखाली. डॉक्टर साठ हजार युनिटांची पुडी आठवड्यातून एक, असे काही आठवडे देतात आणि मग महिन्यातून एक. येथे एक भयंकर चूक होते. 'आठवड्यातून एक' या जागी 'रोज एक' समजून किंवा बरे वाटते म्हणून महिनोन्महिने पुड्या चालू ठेवल्याने रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, भ्रम, मूत्रपिंडांना इजा असे प्रकार होतात. पुडी कोणत्या वारी घ्यावयाची ते दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे आणि घेतली की खूण करावी.

स्त्रियांचे टॉनिक म्हणून मिळणारी चूर्णे, किंवा पाळीच्या तक्रारींवरच्या संप्रेरकाच्या गोळ्या, या भगिनींनी कर्करोगतज्ज्ञांना विचारल्यावाचून घेऊ नयेत. ज्या ईस्ट्रोजेनची वाट मोठ्या कष्टाने अडविली, ते मागील दाराने आत यावयास नको.

आता व्यायाम. 'तुझे ऑपरेशन झाले आहे, काही उचलू नकोस,' असे प्रेमाने सांगून सबंध घर त्या बाईला कॉटवर बसवून ठेवते. हाडाला वजन पेलावयास मिळाले नाही, तर ते राहावे कशासाठी? रोज अर्धा तास झपझप चालणे, जिना चढणे, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे, आणि आठवड्यातून दोन वेळा स्नायूंना ताण देणारा व्यायाम, हे हवेच. शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात सुजेल, ही भीती खरी आहे. पण २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, हात आधीच सुजलेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली अगदी थोड्या वजनापासून सुरुवात करून हळूहळू ते वाढविले, तेव्हा सूज वाढली नाही. उलट ती उसळण्याचे प्रसंग कमी झाले. भर 'हळूहळू' या शब्दावर आहे. पाणी भरलेली अर्ध्या लिटरची बाटली हे सुरुवातीस पुरेसे वजन.

योगासनांबद्दल आमच्या सभासदांत मोठे प्रेम आहे, म्हणून सांगावे लागते. ज्यांची हाडे विरळ झाली आहेत, त्यांनी पश्चिमोत्तानासन, हलासन, सूर्यनमस्कारातील कमरेत खोल वाकणे आणि पाठीला जोराचा पीळ देणारी आसने वर्ज्य करावीत. पुढे वाकताना सारा भार मणक्यांच्या पुढच्या कडेवर येतो, आणि ते दबतात तेथूनच. ताडासन, वृक्षासन भिंतीशी उभे राहून, आणि पाठ सरळ ठेवणारे व्यायाम करण्यास हरकत नाही. खालची वस्तू उचलावयाची तर कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकावे.

आणि पडू नये. हाड विरळ असले तरी ते मोडण्यास बहुधा पडणे लागते, आणि आपली घरे पाडण्यासाठीच बांधल्यासारखी आहेत! ओली गुळगुळीत मोरी, उंबरा, वर माळ्यावरचा डबा काढण्यासाठी डुगडुगणारे स्टूल, रात्री विझविलेला दिवा, घसरणारे पायपुसणे. न्हाणीघरात एक कडी आणि रात्री एक मंद दिवा, एवढ्यावर फार काही भागते.

एक सूचना मात्र या सर्वांहून निकडीची. ज्या भगिनीला कधीकाळी स्तनाचा कर्करोग झाला होता, तिच्या पाठीचे किंवा हाडाचे नवे दुखणे दोन-तीन आठवड्यांत थांबले नाही, रात्री पडल्यावर वाढले, तर ते मालीशवाल्याकडे किंवा हाडवैद्याकडे न नेता डॉक्टरांकडे न्यावे. ते विरळ हाडाचे असेल, किंवा रोग हाडात उतरल्याचे असेल. दोहोंवर उपाय आहेत, पण ते वेगवेगळे. पायांतील शक्ती कमी होऊ लागली, बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मज्जारज्जूवर दाब आला असल्यास तासांचा हिशेब असतो. एरवीही वर्षातून एकदा दाराच्या चौकटीला पाठ लावून उंची मोजावी आणि पेन्सिलीने खूण करावी. दोन-तीन सेंटिमीटर उंची घटली, तर एखादा मणका न दुखताही दबला असण्याचा संभव असतो.

काकूंच्या प्रसंगानंतर विश्वस्त मंडळाने आमची एक विनंती मान्य केली आहे. वैद्यकीय साहाय्याच्या छापील अर्जात एक रकाना वाढविला आहे: 'संप्रेरकविरोधी गोळी चालू आहे काय? हाडांची तपासणी कधी झाली?' ज्यांची झाली नसेल त्यांच्या डेक्सा तपासणीचा खर्च निधीतून मिळेल, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला मागितला जाणार नाही. ज्यांचे प्रकरण आमच्या नोंदवहीत 'पूर्ण' म्हणून बंद झाले आहे, त्यांनीही यावे. किंबहुना त्यांच्यासाठीच हा रकाना आहे. येताना फाइल सगळी आणावी, बिलेच नव्हेत. आपल्या सभासदांपैकी दोन निवृत्त डॉक्टरांनी त्या ओळीन् ओळ वाचून मराठीत लिहून देण्याचे कबूल केले आहे.

काकूंना आतापर्यंत सहा-सहा महिन्यांची तीन इंजेक्शने झाली. पहिल्या तपासणीत कमरेचा आकडा उणे २.९ होता, गेल्या महिन्यात तो उणे २.६ आला. गोळी चालूच आहे. न्हाणीघरात त्यांनी नळाला रबरी नळी लावून घेतली आहे, आणि ती बादली आता अंगणात तुळशीजवळ, अर्धीच भरलेली असते.